तळाच्या आठ ओळी

वैजयंता मुरदंडेला इंजेक्शन अजून दिलेलं नव्हतं, तरी ती ओकली. सिस्टरनं ट्रेमधला स्पिरिटचा बोळा फक्त उचलला होता. वास पोचला आणि ती आठ वर्षांची मुलगी कॉटच्या कडेवरून खाली वाकली. तिच्या वडिलांनी भांडं आधीच पुढं धरलं होतं.

“पोटात काय न्हाई,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “सकाळपास्नं पाणी बी दिल्यालं न्हाई. तरी येतंय बघा.”

मी वहीत वेळ लिहिली : अकरा वाजून दहा मिनिटं. १९९८ च्या डिसेंबरमधला दुसरा मंगळवार होता. मी कोल्हापुरात एका दैनिकात वार्ताहर होते. रोज महापालिका, आणि आठवड्यातून एकदा रविवार पुरवणीसाठी आरोग्यावर काहीतरी. त्या आठवड्याचं ‘काहीतरी’ म्हणजे शहरातल्या एका रुग्णालयाचा लहान मुलांचा कॅन्सर वॉर्ड. तिथं एक निवृत्त शिक्षिका मुलांना शरीर सैल सोडायला, श्वास मोजायला शिकवतात आणि त्यामुळं औषधांचा त्रास कमी होतो, असं कळलं होतं. माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता. म्हणून मी घड्याळ आणि वही घेऊन गेले होते.

वैजूला रक्ताचा कॅन्सर होता. डॉ. पटवेगार तिच्यावर पाच महिने उपचार करत होते. रक्तात आता रोग दिसत नाही, पण उपचार एकूण अडीच वर्षांचे आहेत, असं त्यांनी मला सांगितलं. आणि याच जातीच्या कॅन्सरमधून दहातली सहा-सात मुलं उठून शाळेत जातात, हेही सांगितलं. अडचण दुसरीच होती. औषधानं ओकाऱ्या होतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर गोळ्याही असतात. पण काही मुलांचं शरीर औषधाच्या आधीच सगळं शिकून बसतं. वैजूला स्पिरिटच्या वासानं ओकारी यायची. पुढं सिस्टरचा पांढरा झगा दिसला की यायची. गेल्या महिन्यापासून एस.टी. रुग्णालयाच्या कोपऱ्यावर वळली की यायची. तिचं वजन सतरा किलोवर आलं होतं. वडील, ईराप्पा, इचलकरंजीत एका शेडमध्ये यंत्रमाग चालवत. दर मंगळवारी ते डॉक्टरांना एकच गोष्ट विचारत : हे बंद केलं तर काय हुईल?

डॉक्टर दर मंगळवारी तेच उत्तर देत. पण ईराप्पांचा प्रश्न आठवड्यागणिक जड होत चालला होता, हे वॉर्डातल्या सगळ्यांना दिसत होतं.

त्या शिक्षिकेचं नाव वीणा हसबनीस. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईंचा आवाज जसा असतो तसाच त्यांचा होता, न चढवता मागच्या बाकापर्यंत जाणारा. मुंबईत दोन महिने राहून त्या हे काम शिकून आल्या होत्या. त्यांच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता आणि समुद्राच्या लाटांची कॅसेट. मुलानं डोळे मिटायचे, लाटा ऐकायच्या, हाताच्या मुठी आणि पायाची बोटं आवळायची, सोडायची, आणि लाटेबरोबर श्वास घ्यायचा. पंधरा-वीस मुलांना त्याचा गुण आला होता.

वीणाताईंनी कॅसेट लावली. वैजूनं डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात तिचे पाय पोटाशी गेले.

“बंद करा ते.”

“का गं? लाटा आहेत. समुद्र बघितलायस का तू?”

“न्हाई. पाणी आत यायलंय.”

ईराप्पांनी खुलासा केला. ती पाच वर्षांची असताना पंचगंगेचं पाणी त्यांच्या वस्तीत शिरलं होतं. पहाटे हिला माळ्यावर बसवलं, आणि खाली भांडी तरंगत एकमेकांवर आपटत होती. वीणाताईंनी कॅसेट काढली आणि पिशवीत टाकली. माझ्या देखत त्यांनी ती पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

“बरं. मग तुला झोप कुठं चांगली लागते, ते सांग.”

वैजू आधी माझ्याकडं, माझ्या वहीकडं बघत राहिली.

“मागाजवळ,” ती म्हणाली.

“एवढ्या आवाजात?”

“आवाज हाय म्हणून तर झोप लागतीया. माग बंद पडलं की जाग येती.”

वीणाताईंनी ईराप्पांकडं पाहिलं. ते पहिल्यांदाच थोडं हसले. त्यांच्याकडं सगळ्याच पोरांचं असं असतं, म्हणाले. त्यांच्या घराच्या भिंतीला शेडची भिंत लागून आहे, चोवीस माग चालतात. वीज गेली की सगळी गल्ली उठून बसते. इथं वॉर्डात रात्री एवढं सामसूम असतं की पोरगी टक्क जागी राहते.

मग जे झालं ते मी जसंच्या तसं टिपून घेतलं होतं. वीणाताईंनी ईराप्पांना कॉटच्या लोखंडी दांडीवर मागाचा ठेका धरायला सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी धरला. खटक-खट, खटक-खट. वैजूनं चार ठोके श्वास आत घ्यायचा, सहा ठोके बाहेर सोडायचा. दोनदा तिला धाप लागली.

“जरा हळू माग लावा,” वीणाताई म्हणाल्या.

“एवढा हळू माग कुठं असतोय, बाई? मालक हाकलून दील.”

वैजू हसली. वॉर्डात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं सिस्टरनं मला नंतर सांगितलं. ते मी तपासलेलं नाही. पण ईराप्पांनी ठेका हळू केला, आणि वैजूचे खांदे खाली आले, हे मी स्वतः पाहिलं. वीणाताई तिच्याकडूनच एकेक गोष्ट काढून घेत होत्या. सूत नेणारा धोटा कुठून कुठं जातोय? इकडनं तिकडं. आता कुठं आहे? तिकडं. सुताची कांडी घट्ट धर, अजून घट्ट, आता सोड. मुठी उघडायच्या. आणि मळमळ आली तर? वैजूनं वीणाताईंकडं पाहिलं.

“सूत तुटलं तर मागवाला काय करतो?”

“माग थांबवतोय. गाठ मारतोय. परत चालू करतोय.”

“मग तूही तेच कर.”

सिस्टर ट्रे घेऊन आली तेव्हा वैजूचा चेहरा आक्रसला. तिनं डावा हात वर केला. ईराप्पांची बोटं थांबली. तिनं हवेत अंगठा आणि बोट फिरवून एक गाठ मारली आणि हात खाली ठेवला. ईराप्पांनी ठेका पुन्हा धरला. सुई गेली. भांडं कोरडं राहिलं.

नंतर सलाइन लागल्यावर तिला चार ओकाऱ्या झाल्या. आदल्या मंगळवारी नऊ झाल्या होत्या, तसं नर्सच्या तक्त्यात होतं. मी एका प्रसंगावर लिहायचं नाही असं ठरवलं आणि पुढच्या दोन मंगळवारीही गेले. दुसऱ्या मंगळवारी तीन. तिसऱ्या मंगळवारी एक, तीही संध्याकाळी. एस.टी. कोपऱ्यावर वळताना तिनं वडिलांच्या मांडीवर गाठ मारून दाखवली, असं ईराप्पा सांगत होते. वजन सव्वा किलोनं वाढलं होतं. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

मी निघताना डॉ. पटवेगारांनी मला जिन्यात गाठलं. ते कमी बोलणारे, नेहमी घाईत असलेले गृहस्थ होते.

“बाई, एक गोष्ट लिहाच. हे ओकारीवर आहे. कॅन्सरवर नाही. लोक यातलं सोपं तेवढं उचलतात.”

मी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

लेख मी गुरुवारी सकाळी दिला. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला लेख होता. आजही मला तसंच वाटतं. सुरुवात स्पिरिटच्या बोळ्यापासून केली, मग पुराचं पाणी, मग माग, हवेतली गाठ. ओकाऱ्यांचे आकडे तक्त्याशी ताडून घेतले. रक्तात आता रोग दिसत नाही हे डॉक्टरांचं विधान मधे घातलं. आणि डॉक्टरांचा इशारा, इंजेक्शन चुकवायचं नाही यासकट, शेवटी ठेवला. गोष्ट वाचून वाचक सुखावला असताना त्याला एकदम जमिनीवर आणायचं, असा माझा हिशेब होता. शेवट वजनदार झाला होता. मथळा मी दिला होता ‘औषधाविना थांबल्या वैजूच्या ओकाऱ्या’. पुरवणी बघणारे कट्टी म्हणून उपसंपादक होते. रविवारी सकाळी चहाबरोबर माणसाला ओकारी कशाला वाढायची, असं म्हणून त्यांनी तो ‘औषधाविना थांबला वैजूचा त्रास’ असा केला. मी हरकत घेतली नाही. वाक्य खोटं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी पान लागताना घड्याळांच्या दुकानाची जाहिरात आली, आणि तळाच्या आठ ओळी गेल्या.

रविवारी लेख आला. वैजूचा हसरा फोटो होता, डोक्याला रुमाल बांधलेला. सोमवारी संपादकांनी मला बोलावून चहा दिला. अकरा पत्रं आली. त्यातलं एकही घड्याळाच्या जाहिरातीच्या वर काय असायला हवं होतं, हे विचारणारं नव्हतं. कसं असेल? जे छापलं नाही ते कुणाला माहीत असतं?

लेखानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी वीणाताईंचा ऑफिसात फोन आला. वैजू दोन मंगळवार आली नव्हती. वॉर्डातून पत्र टाकलं, उत्तर नाही. मी सोबत येईन का, असं त्यांनी विचारलं. मी तुमचा लेख वाचला, एवढंच त्या लेखाबद्दल म्हणाल्या.

बुधवारी आम्ही एस.टी.नं इचलकरंजीला गेलो. स्टँडपासून चालत वीस मिनिटं. गल्लीत शिरल्यावर वीणाताई काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. मागांचा आवाज कानात भरत नाही, तो पायांतून वर चढतो. वैजूची आई, कस्तुरीबाई, दारात बसून यंत्रावर सुताच्या कांड्या भरत होत्या. आम्हाला बघून त्यांनी यंत्र बंद केलं, पदर सारखा केला आणि वैजूला हाक मारली.

वैजू धावत आली. धावत, हे मी मुद्दाम लिहिते. गाल भरले होते, रुमालाखाली केस दिसायला लागले होते.

“मी रोज करतीया, ताई,” ती वीणाताईंना म्हणाली. “सकाळी शंभर श्वास, संध्याकाळी शंभर. एक बी चुकवला न्हाई. आईला इचारा.”

कस्तुरीबाईंनी मान हलवली. वीणाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवून दिला.

ईराप्पांना शेडमधून बोलावलं. अंगावर, भुवयांवर सुताचा भुगा. ते आम्हाला शेडमध्येच घेऊन गेले, काहीतरी दाखवायला. मालकाच्या टेबलामागच्या भिंतीवर माझा लेख होता. कात्रण व्यवस्थित कापून काचेखाली बसवलं होतं, घड्याळांची जाहिरात वगळून. मालकांनी तो सगळ्या कामगारांना वाचून दाखवला होता. सांगली, विट्याहून माल न्यायला येणारे व्यापारीही थांबून वाचत होते. एकानं फोटोतल्या वैजूसाठी फ्रॉकचं कापड दिलं होतं.

बाहेर येऊन बोलायला लागलो, तेव्हा वीणाताईंनी सांगून पाहिलं, मग मी सांगितलं. श्वासानं ओकारी थांबते, रोग थांबत नाही. ईराप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरच म्हणाले, रक्तात रोग दिसत नाही. पेपरातही ते आलं. त्रास औषधाविना थांबला, हेही पेपरात आलं. मग ज्या औषधानं पोरगी मरायला टेकली होती ते परत कशासाठी घालायचं? पोरगी आता दोन भाकऱ्या खाते.

“ईराप्पा, लेखात पुढं अजून होतं,” मी म्हणाले. “इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तळाचं कापलं गेलं.”



“मग आता खरं काय धरायचं, ताई? छापल्यालं, का न छापल्यालं?”

परतीच्या गाडीत वीणाताईंनी विचारलं, कुणी कापलं? मी म्हणाले, डेस्कनं. असं होतं का नेहमी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, रोज होतं. बातमी नेहमी तळाकडून कापतात, म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. वीणाताई खिडकीबाहेर बघत होत्या.  आपण काय सांगून बसलो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. त्यांच्याही आलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांकडं खुलासा छापण्याची परवानगी मागितली. त्यांनी लेख पुन्हा वाचला. यात चुकीचं वाक्य कोणतं, असं विचारलं. चुकीचं वाक्य एकही नव्हतं. मग खुलासा कशाचा? प्रश्न नेमका होता आणि माझ्याकडं त्याचं नेमकं उत्तर होतं. ते दिलं असतं तर आणखी एक प्रश्न आला असता. मी उठून आले.

डॉ. पटवेगारांनी स्वतः दोन पत्रं लिहिली. फेब्रुवारीत वीणाताई एकट्या पुन्हा इचलकरंजीला जाऊन आल्या. ईराप्पा ‘बघतो’ म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, रोज बघतच होते. पोरगी खेळत होती.

एप्रिलच्या सतरा तारखेला त्यांनी तिला ताप अंगात असताना उचलून आणलं. मांड्यांवर निळे डाग होते. रोग परतला होता. डॉक्टरांनी आधीच्यापेक्षा कडक औषधं सुरू केली. शक्यता किती, असं मी विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला नाही. आकडा न सांगण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.  लेखाचा विषय त्यांनी काढला नाही.

मी दर मंगळवारी जायला लागले. आता वहीशिवाय. ईराप्पांना रजा मिळत नसे तेव्हा ठेका मी धरायची. बोटांना तो नीट येत नव्हता. वैजू डोळे न उघडता सांगायची, ताई, तुमचा माग लंगडतोय. ओकाऱ्या पुष्कळ होत्या, पण स्पिरिटच्या वासाला एकही झाली नाही. सुईच्या वेळी हात वर, हवेत गाठ, हात खाली. सिस्टर त्या हातासाठी थांबायला शिकली होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी कस्तुरीबाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. वैजू पडून होती. मला वाटलं झोपली. मी ठेका थांबवला आणि तिनं डोळे उघडले.

“ताई, माझं मोजाय चुकलं का?”

“काय मोजायला?”

“शंभर. एकदा मला मधीच झोप लागली हुती. किती झालं ते कळलंच न्हाई. आईला मी शंभर सांगितलं. म्हणून परत आलं का हे?”

मी नाही म्हणाले. तुझं काहीही चुकलेलं नाही, असं म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “मग कुणाचं चुकलं?”

मी तीन फुटांवर बसले होते. खोलीत आणखी दोन मुलं होती, दोघंही झोपलेली. उत्तर द्यायला कसलीही अडचण नव्हती.

“तू झोप आता,” मी म्हणाले आणि दांडीवर बोटं ठेवली.

वैजू ऑगस्टच्या तेवीस तारखेला गेली. सोमवार होता. मी महापालिकेच्या सभेला होते. सभेची बातमी देऊन संध्याकाळी साडेसहाला टेबलाशी आले तेव्हा निरोप लिहून ठेवलेला होता.

सप्टेंबरच्या शेवटी ईराप्पा ऑफिसात आले. दुपारचे तीन वाजले होते. विभागात तिघंजण होतो. कट्टी त्यांच्या जागेवर पुरवणीची पानं बघत होते. ईराप्पांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, पण कॉलरच्या दुमडीत सुताचा भुगा राहिला होता. मी खुर्ची दिली, पाणी मागवलं. त्यांनी पाणी घेतलं.

“ते तळाचं कापल्यालं होतं म्हणालासा,” ते म्हणाले. “ते हाय का अजून?”

होतं. लेखाची हस्तलिखित प्रत मी टेबलाच्या खालच्या खणात ठेवली होती. मी शेवटचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि कुठून कुठपर्यंत ते पेन्सिलनं दाखवलं. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत. मधे थांबून एक वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं : “परतलेला रोग सहसा ऐकत नाही.” मग शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून.

“एवढंच?”

“एवढंच. पेपरात आठ ओळी झाल्या असत्या.”

“कुणी कापलं म्हणायचं हे?”

कट्टींनी मान वर केली नाही, पण त्यांचं पेन थांबलं. नऊ महिने हा प्रश्न मला जेवढ्यांनी विचारला होता, त्या सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं होतं. कट्टींच्या कानावर ते गेलं असणारच. त्यांनी कधी ते दुरुस्त केलं नव्हतं.

“मी,” मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कट्टींनी मला महापालिकेच्या पत्रकार कक्षात फोन केला होता. जाहिरात आली आहे, आठ ओळी जास्त होतात. तळाचा परिच्छेद महत्त्वाचा दिसतोय, तो ठेवून वरचं मागाचं वर्णन कापू का, की नेहमीसारखं तळाचं कापू? वरचं वर्णन म्हणजे कॉटची दांडी, हळू माग, हवेतली गाठ. ते मी तीनदा लिहून काढलं होतं. मी जेमतेम दोन सेकंद विचार केला असेल. म्हणाले, वरचं हलवू नका, तळाचं जाऊ दे, डॉक्टरांनी ते घरच्यांना सांगितलंच आहे. कट्टींनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, नक्की.

हे सगळं मी ईराप्पांना सांगितलं. वेळेसकट सांगितलं. ते ऐकत होते, बोट अजून कागदावर होतं.

“आमच्यात कापडाला डाग राहिला,” ते म्हणाले, “तर त्या जागंला कडंला तांबडा दोरा बांधत्यात. म्हंजे पुढं ज्याच्या हातात जाईल त्याला कळतंय, हितं बघायचं. दोरा न बांधता माल गेला तर त्या माणसाला परत कामावर घेत न्हाईत.” मग विचारलं, “तुमच्यात असं काय नसतंय?”

“असतं. खुलासा म्हणतात.”

“मग?”

“मी लिहिला नाही.”

मला वाटलं ते उठतील. काहीतरी बोलतील, हात उगारतील. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

“हे मोठ्या अक्षरात उतरून द्या. सगळ्यांला वाचता येईल असं.”

“कशाला?”

“ते काचेतलं अजून शेडमधी हाय. मालक म्हणाले, काढून टाकू. मी नगं म्हटलं. ज्यांनी वाचलंय त्यांनी वाचलंय, आता काढून काय हुतंय? विट्याच्या एकाची पोरगी हाय, तसलीच. त्यो परवा माल न्यायला आला हुता, उभा राहून वाचत हुता.” त्यांनी कागदाकडं बोट केलं. “हे खाली चिकटवतो.”

मी कोरा कागद घेतला. हात स्थिर होता, याची मला तेव्हाही लाज वाटली. ओळी उतरवून झाल्यावर मी कागद त्यांना दिला. त्यांनी तो मूळ प्रतीशी एकेक शब्द लावून पाहिला. काही सुटलेलं नव्हतं. शाई वाळेपर्यंत धरून बसले, मग दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. दोन पायऱ्या उतरून ते वळले.

“शेवटच्या दिवशी आमी घरला नेली हुती तिला,” ते म्हणाले. “भिंतीपलीकडं माग चालू हुते. चार आत, सहा भाईर, मोजतच हुती. एकदा हात वर केला, गाठ मारली. परत मोजाय लागली.” त्यांनी कठड्यावर हात ठेवला. बोटं हलली नाहीत. “तेवढं खरं लिहिलं हुतं तुम्ही.”

आणि ते खाली उतरून गेले.